परगांवचे श्रमिक आणि नगराचें कर्तव्य

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां सुरू झाली म्हणजे पहिल्या दिवशीं हजेरी घेतांना आमच्या बीड जिल्ह्यांतील शिक्षकाचें मन थोडें धास्तावलेलें असतें. नांव पुकारावें आणि उत्तर येऊं नये, दुसरें पुकारावें आणि शेजारच्या बाकावरून कोणीं हळूच सांगावें, "गुरुजी, तो तोडीला गेला." मुलगा आजारी नसतो, आळशी नसतो, शाळेवर रुसलेलाही नसतो. आईबाप ऊस तोडावयास दूरच्या जिल्ह्यांत गेले आणि त्यांच्याबरोबर तोही गेला, इतकेंच. फाल्गुन-चैत्रांत तो परत येतो. तोंवर परीक्षा दाराशीं आलेली असते आणि त्याचीं पुस्तकें कोरींच राहिलेलीं असतात.

विद्यार्थीमित्रहो, ज्या जिल्ह्यांतून दर वर्षीं लाखोंनीं माणसें परमुलखांत जातात, त्या जिल्ह्यांतील मुलांस 'परक्यास नगरानें कसें वागवावें' हा प्रश्न केवळ पुस्तकी राहूं शकत नाहीं. या लेखांत त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे. आपलीं माणसें जेथें जातात त्या नगरांनीं काय करावें, हें आपण पाहूं. आणि तें पाहून झाल्यावर, आपल्या दारीं जे परके येतात त्यांच्यासाठीं आपण काय करतों, हेंही विचारूं.

१. हे लोक कोण, व कां जातात?

आपला जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगांवर व त्यांच्या पायथ्याशीं वसलेला आहे. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या बाजूची गेवराई-माजलगांवकडील जमीन काळी व कसदार आहे. परंतु आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज व परळी या तालुक्यांत माळरानें व डोंगरउतार फार. तेथील बहुतेक शेती पावसावर अवलंबून, आणि पाऊस बेभरवशाचा. खरिपाचें जें काय पीक यावयाचें तें हातीं आलें म्हणजे पुढें कित्येक महिने शेतांत हातांस काम नसतें.

इकडे अशी स्थिति असतां, पश्चिम महाराष्ट्रांत धरणांच्या व कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढत गेला. प्रवरानगर येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्यानें, जो सहकारी साखर कारखाना उभारला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ सालीं झाला. त्याच्या मागून अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर), पुणें, सोलापूर, सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत कारखान्यांची रांगच लागली. तोडलेला ऊस लवकर गाळला नाहीं तर त्यांतील साखर उतरते. यास्तव कारखान्यास एकाच वेळीं हजारों हात लागतात, आणि तेही वर्षांतून चार-पांच महिनेच. एका बाजूस काम नसलेले हात, दुसऱ्या बाजूस हात नसलेलें काम. या दोहोंमधून आमच्या लोकांची वाट पडली. १९७२ च्या दुष्काळानें ती आणखी रुंद केली. आज महाराष्ट्रांतील ऊसतोड मजुरांत सर्वांत मोठा वाटा आपल्या जिल्ह्याचा आहे. कांहीं टोळ्या तर सीमा ओलांडून कर्नाटकांतही जातात.

हंगामापूर्वीं मुकादम गांवांत येतो आणि आगाऊ रक्कम देतो. तिला 'उचल' म्हणतात. ती उचल फेडीपर्यंत मजूर बांधलेला असतो. पतिपत्नी मिळून जी जोडी काम करते तिला 'एक कोयता' म्हणतात. टोळींत 'माणसें किती?' असें कोणी विचारीत नाहीं, 'कोयते किती?' असें विचारतात. एकटा मनुष्य असेल तर तो 'अर्धा कोयता'. वाचकांनीं या शब्दाकडे लक्ष द्यावें. दोन माणसें मोजलीं जातात एक. तीं माणसें म्हणून नव्हे, हत्यार म्हणून मोजलीं जातात. आणि त्यांच्याबरोबर गेलेलीं मुलें तर मोजलींच जात नाहींत. माझ्या मतें या प्रश्नाचें मूळ येथेंच आहे.

२. तेथें तीं कशीं राहतात?

कारखान्याच्या आवारांत किंवा शेताच्या कडेला टोळी उतरते. बांबू, चटया, पाचट आणि ताडपत्री यांच्या खोपट्या उभ्या राहतात. त्यांस 'कोपी' म्हणतात. वांकल्यावांचून आंत शिरतां येत नाहीं. पहाटे अंधारांत स्त्रिया उठतात, भाकरी भाजतात, आणि उजाडण्यापूर्वीं जोडी फडांत असते. ऊस तोडावयाचा, साळावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, आणि गाडी येईल तेव्हां त्या डोक्यावर वाहून गाडींत भरावयाच्या. गाडी मध्यरात्रीं आली तर मध्यरात्रीं. धाकट्या भावंडास सांभाळावयास थोरली बहीण कोपींत राहते. तिचें वय बहुधा दहा-बारा वर्षांचें, म्हणजे ती तुमच्याच वर्गांतील.

एक दिवस काम चुकलें तर मजुरी जाऊन वर दंड बसतो. या भीतीनें स्त्रिया दुखणें अंगावर काढतात. २०१९ सालीं राज्य शासनानें नेमलेल्या समितीला आपल्या जिल्ह्यांतील पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांचें गर्भाशय शस्त्रक्रियेनें काढलेलें आढळलें. शाळेच्या वार्षिकांत असा आंकडा लिहितांना लेखणी अडखळते. पण त्या स्त्रिया तुमच्यापैकीं कित्येकांच्या आया व मावश्या आहेत, म्हणून तो येथें लिहिलाच पाहिजे.

अशा स्थितीला तेथील नागरिक निर्दय आहेत म्हणून कारण झालें, असें मी म्हणत नाहीं. त्या नगरांत सज्जन पुष्कळ आहेत. परंतु टोळी गांवाबाहेर उतरते, गांवाबाहेरच राबते, आणि एके दिवशीं गांवाबाहेरूनच निघून जाते. नगरपालिकेच्या वहींत तिचें नांव नाहीं, शाळेच्या पटावर नाहीं, दवाखान्याच्या नोंदींत नाहीं. जें कोणत्याच वहींत नाहीं तें नगराला दिसत नाहीं. आणि जें दिसत नाहीं त्याच्याविषयीं नगराला आपलें कर्तव्यही जाणवत नाहीं.

३. वारीचा धडा

कोणी म्हणेल, एवढ्या परक्या माणसांची सोय नगरांनीं करावी तरी कशी? याचें उत्तर त्या नगरांनींच देऊन ठेविलें आहे. आषाढी वारींत ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी फलटणास मुक्काम करते. तुकाराममहाराजांची पालखी बारामती, इंदापूर व अकलूज या मार्गानें जाते. हीं सारीं ऊसपट्ट्यांतील गांवें. त्या एका मुक्कामासाठीं पाण्याचे टँकर उभे राहतात, तात्पुरतीं शौचालयें मांडलीं जातात, दवाखान्याचीं पथकें बसतात, शाळांचे वर्ग उघडतात, आणि घराघरांतून भाकरी बाहेर येते. वारकरी कोठला, तो येथें किती दिवस राहणार, त्याच्यापासून नगराला लाभ काय, असें कोणी विचारीत नाहीं.

आषाढांत हें होतें. कार्तिकांत त्याच शिवारांत आमची टोळी उतरते. कित्येकदां तो तोच मनुष्य असतो! आषाढांत तो टाळ घेऊन आला तेव्हां त्याला 'माउली' म्हणून पाणी दिलें; कार्तिकांत कोयता घेऊन आला तेव्हां तो 'टोळीवाला' झाला. मनुष्य बदलला नाहीं, त्याची तहानही बदलली नाहीं; पाहणाराची दृष्टि मात्र बदलली.

४. कोल्हापूरचा धडा

वारीचा मुक्काम एका रात्रीचा. पण वर्षानुवर्षें परक्यांस ठेवून घेण्याचें उदाहरणही त्याच ऊसपट्ट्यांत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं पोलंडच्या पूर्व भागांतील असंख्य कुटुंबें सोविएत सत्तेनें उचलून सैबेरियासारख्या दूर प्रदेशांत नेलीं. १९४१ सालीं त्यांची सुटका झाली, तेव्हां उपाशी व आजारी माणसांचे तांडे इराणांत आले, आणि त्यांपैकीं कांहीं हिंदुस्थानांत आले. त्यांच्यासाठीं कोल्हापूर संस्थानांत वळिवडे येथें छावणी वसविण्यांत आली. १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथें सुमारें ५,००० पोलिश लोक राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें होतीं. त्यांना ना मराठी येत होती, ना आपलें अन्न ठाऊक होतें. तरी तेथें राहावयास बराकी होत्या, दवाखाना होता, उपासनेसाठीं मंदिर होतें, आणि मुलांस त्यांच्याच भाषेंत शिकविणाऱ्या शाळा होत्या. त्यांतील मुलें पुढें जगभर पांगलीं. पण म्हातारपणींही तीं कोल्हापूर विसरलीं नाहींत. कोल्हापूरच्या महावीर उद्यानांत त्यांच्या आठवणीचें स्मारक आहे.

पोलिश लोक गेले, आणि देशाच्या फाळणीनें घरादारास मुकलेलीं सिंधी कुटुंबें त्याच बराकींत आलीं. आज त्या जागीं गांधीनगर आहे, आणि तेथील कापडाची घाऊक पेठ दूरवर प्रसिद्ध आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणींत आलेल्या सिंधी निर्वासितांची हकीकतही अशीच. त्या छावणीस ८ ऑगस्ट १९४९ रोजीं 'उल्हासनगर' हें नांव मिळालें, आणि पुढें तें उद्योगधंद्यांनीं गजबजलेलें शहर झालें. ज्यांस काल आश्रय दिला तेच आज इतरांस काम देत आहेत.

या दोन्ही गोष्टींत एक समान गोष्ट आहे. पोलिश मुलाचें नांव छावणीच्या वहींत लिहिलेलें होतें. सिंधी कुटुंबाचीही कोठें ना कोठें नोंद झालेली होती. त्यांची संख्या ठाऊक होती, म्हणून छप्पर, शिक्षक व औषध किती लागेल हेंही ठाऊक होतें. स्वागताचा आरंभ हारतुऱ्यांनीं होत नाहीं. तो नांव विचारण्यानें व तें लिहून घेण्यानें होतो. जुन्या करारांतील रूथची कथा आपल्या शाळेंतील मुलांस ठाऊक आहे. ती परदेशी विधवा जवाच्या हंगामांत बेथलेहेमास आली व दुसऱ्याच्या शेतांत सरवा वेंचूं लागली. बवाज शेतावर आला तेव्हां त्यानें प्रथम तिची चौकशी केली, ही कोण म्हणून; धान्य त्यानें मागाहून दिलें.

५. एक आक्षेप

यावर एक आक्षेप येतो, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. निर्वासितांस परतावयास घर नव्हतें आणि त्यांच्या पाठीशीं सरकारें होतीं. ऊसतोड मजूर तर पांच महिन्यांनीं आपल्या गांवीं परत जातात. मग एवढ्या थोड्या काळासाठीं नगरानें खटाटोप कां करावा?

याचें उत्तर गणितानें द्यावें. एखादें मूल सहाव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे ८ वर्षें, दर वर्षीं ५ महिने आईबापांबरोबर जातें. ८ गुणिले ५, म्हणजे ४० महिने झाले. शाळेचें वर्ष १० महिन्यांचें धरलें तर हीं पूर्ण ४ वर्षें होतात. आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा निम्मा भाग त्या परक्या नगराच्या वेशीबाहेर जातो! ज्या नगराच्या सीमेंत मुलाचें अर्धें बाळपण सरतें, तें नगर त्याचें नव्हे असें कसें म्हणावें?

दुसरें असें कीं, त्या भागांतील कित्येक महाविद्यालयें, रुग्णालयें व रस्ते सहकारी साखरेच्या पैशानें उभे राहिले. त्या साखरेसाठीं उसावर पहिला घाव ज्यांनीं घातला, त्यांचा त्या नगरावर कांहीं हक्क नाहीं काय? याला दान म्हणूं नये. हें ऋण आहे.

६. नगरानें काय करावें?

पहिलें कर्तव्य नोंदीचें. टोळी उतरल्यावर आठ दिवसांच्या आंत नगरानें माणसें मोजावीं, कोयते नव्हेत. मुलें किती, गर्भवती किती, वृद्ध किती, हें लिहून घ्यावें. मजुरांस ओळखपत्र देण्याचें काम आपल्याकडे ग्रामसेवकांमार्फत सुरू झालेलें आहे; गोपीनाथ मुंडे यांच्या नांवें ऊसतोड कामगार कल्याण महामंडळही स्थापन झालें असून, त्यासाठीं टनामागें १० रुपये आकारण्याचें ठरलें आहे. हा पैसा मजुरापर्यंत पोंचावयाचा तर मजूर कोण हें आधीं ठाऊक पाहिजे.

दुसरें, निवारा. पक्क्या घरांची गोष्ट दूर राहो. पण सपाट जागा, पिण्याचें पाणी, रात्रीं दिवा, व स्त्रियांसाठीं आडोशाचीं स्नानगृहें व शौचालयें, इतकें तरी प्रत्येक तळावर असावें. वारीसाठीं जें एका दिवसांत होतें, तें एका हंगामांत होऊं नये असें नाहीं.

तिसरें, शाळा. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आहे. दाखला हातीं नाहीं म्हणून मुलाचा प्रवेश अडवितां येत नाहीं, आणि त्यास वयाला साजेशा वर्गांत बसवावें, असें तो सांगतो. कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा निघाल्या. मुलांनीं गांवींच राहून शिकावें म्हणून हंगामी वसतिगृहें निघालीं. २०२१ सालीं शासनानें संत भगवानबाबा यांच्या नांवें ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. या सर्व गोष्टी स्तुत्य आहेत. तथापि योजना कागदावरून मुलाच्या पाटीपर्यंत आणणारा मनुष्य शेवटीं कोणी एक मुख्याध्यापक किंवा एखादी शिक्षिका असते. तिनें तळावर जाऊन मुलांस हातीं धरून आणावें.

चौथें, अन्न व आरोग्य. 'एक राष्ट्र, एक शिधापत्रिका' या योजनेनें मजुरास आपल्या वांट्याचें धान्य परगांवीं घेतां येतें. पण दुकानदारानें त्यास विन्मुख पाठवूं नये, आणि मजुरासही आपला हक्क ठाऊक असावा. आरोग्यसेविकेनें आठवड्यांतून एकदां तळावर जावें. लसीकरणाची तारीख मुलाबरोबर गांव बदलते, हें तिनें ध्यानांत ठेवावें.

पांचवें कर्तव्य वागणुकीचें. यास खर्च कांहींच लागत नाहीं, म्हणूनच बहुधा तें राहून जातें. बीडकडील बोलीवरून वर्गांत हंशा पिकूं देऊं नये. बाजारांत त्यांच्यासाठीं वेगळा भाव नसावा. चोरी झाली कीं प्रथम तळाकडे बोट दाखवूं नये.

७. आतां आपल्याकडे पाहूं

आपण दुसऱ्या नगरांस उपदेश केला; पण आपल्या दारीं परके येत नाहींत काय? मेंढरें घेऊन फिरणारे धनगर येतात, रस्त्याच्या कडेला ऐरण मांडून घिसाडी बसतात, वीटभट्ट्यांवर मजूर येतात, उत्तरेकडून फरशी बसविणारे व रंगारी येतात. त्यांच्या मुलांचीं नांवें आपल्यापैकीं कितीजणांस ठाऊक आहेत? ज्यानें परकेपण सोसलें त्यानें तरी परक्यास ओळखावें. परंतु तसें नेहमीं होत नाहीं.

येथें स्वतःची एक चूक सांगितल्यावांचून पुढें जाणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. नोकरीच्या पहिल्याच वर्षीं एका लहानशा शाळेंत माझ्याकडे पांचवीचा वर्ग होता. दिवाळीनंतर एक मुलगा येईनासा झाला. दोन महिने वाट पाहून मीं लाल शाईनें त्याच्या नांवावर रेघ ओढली. हजेरीची सरासरी बिघडत होती, ही माझी खरी चिंता होती. चैत्रांत एके सकाळीं तो दारांत येऊन उभा राहिला. उन्हानें रापलेला, हातांवर उसाच्या पात्यांचे चरे. हजेरी चालू होती. तो आपलें नांव येण्याची वाट पाहत राहिला. नांव आलें नाहीं. हजेरी संपली, तेव्हां कांहीं न बोलतां तो वळला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशीं मी त्यांच्या वस्तीवर गेलों. त्याच्या बापानें मला गूळ-पाणी दिलें. रागाचा एक शब्दही तो बोलला नाहीं. इतकेंच म्हणाला, "नावच न्हाई म्हनल्यावर पोरगं बसंल कुठं, गुरुजी?" मीं नांव पुन्हां लिहिलें, पण तो मुलगा पुन्हां शाळेंत आला नाहीं. परक्या नगरांनीं आमच्या मुलांस वेशीबाहेर ठेविलें, असें जेव्हां मी बोलतों, तेव्हां ती लाल रेघ मला आठवते. ती परक्या नगरानें ओढलेली नव्हती.

तेव्हांपासून मीं एक नियम केला आहे. दसऱ्यापूर्वीं, जाणाऱ्या प्रत्येक मुलास मी विचारतों: कोणत्या तालुक्यांत, कोणत्या कारखान्यावर, कोणाबरोबर? तें लिहून ठेवतों. जवळच्या शाळेस पत्र पाठवितों. आणि पूर्ण हंगामभर रोज हजेरी घेतांना त्याचें नांव पुकारतों. वर्गांतील एखादा मुलगा सांगतो, "तो कारखान्यावर आहे." तो परत येतो तेव्हां त्यास आपलें नांव ऐकूं येतें आणि तो आपल्या बाकावर जाऊन बसतो. सर्वच परत येतात असें नाहीं. पण जे येतात त्यांना दारांत उभें राहावें लागत नाहीं.

पालकबंधुभगिनींनो, शक्य असेल तर मुलास मागें, आजीजवळ किंवा वसतिगृहांत ठेवून जा. न्यावेंच लागलें तर शिक्षकास सांगून जा. आणि मुलांनो, तुमच्या शेजारचें बाक रिकामें झालें तर तेथें दप्तर पसरूं नका. तें बाक कोणाचें आहे हें ध्यानांत ठेवा. हीं लहान कामें जो आज करील, तोच उद्यां नगराध्यक्ष, वैद्य किंवा शिक्षक होऊन वेशीबाहेरच्या माणसाचें नांव विचारील.

अभ्यासासाठीं

१. आपल्या गल्लींत किंवा गांवांत परगांवाहून आलेलीं किती कुटुंबें आहेत? तीं कोठून व कां आलीं? वडील माणसांस बरोबर घेऊन त्यांस भेटा व लिहून आणा.
२. 'कोयता' या शब्दानें माणसें मोजण्यांत काय दोष आहे, तें दहा ओळींत सांगा.
३. महाराष्ट्राच्या नकाशावर आपला तालुका, फलटण, बारामती, अकलूज, कोल्हापूर व उल्हासनगर हीं ठिकाणें दाखवा, आणि तुमच्या ओळखीची टोळी कोणत्या मार्गानें जाते ती रेघ काढा.
४. वारीच्या मुक्कामास नगर ज्या सोयी करतें, त्यांपैकीं कोणत्या सोयी ऊसतोड मजुरांच्या तळावर करतां येतील?